बंद पाकिटाचं सोरट

आधी कबुली देतो, मग भांडतो.

गेल्या दिवाळीत आमच्या पेपरच्या पुरवणीत मी अर्ध्या पानाचा लेख लिहिला होता. पोकेमॉनची जुनी कार्डं, त्यांना अमेरिकेत मिळणारा भाव आणि कंपनीचं सील न फोडलेली जुनी पाकिटं विकत घेणारे हौशी संग्राहक. मथळा मीच दिला होता, 'कपाटातलं पाकीट, कोटींचं कार्ड'. लेख लोकांना आवडला. दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. मी खूश.

जानेवारीत एक मुलगा ऑफिसात आला. पंचवीस-सव्वीस वर्षांचा, पुण्यात आयटीत नोकरी, घर आमच्याच गावात, वडील शिक्षक. त्याने माझ्या टेबलावर अकरा कार्डं ओळीने मांडली आणि शेजारी फाडलेलं पाकीट ठेवलं. १९९९ सालचं. इन्स्टाग्रामवरच्या एका परदेशी विक्रेत्याकडून मागवलेलं. पोस्टेज आणि कस्टम धरून बेचाळीस हजारांना पडलेलं. अकरांत चकाकणारं एकही कार्ड नाही.

मी म्हटलं, "नशीब रे, दुसरं काय."

तो म्हणाला, "नशीब नाही सर. फाडल्यावर मी हे सगळं एकत्र करून मामाच्या दुकानात सोन्याच्या काट्यावर ठेवलं. हे हलकं पाकीट आहे. तुमच्या लेखात वजनाचं काहीच नव्हतं."

नव्हतं. कारण मलाच माहीत नव्हतं. लिहिण्याआधी माहीत करून घेणं हे माझं काम होतं, ते मी केलं नाही. त्यानंतर दोन महिने मी या धंद्याबद्दल मिळेल ते वाचलं. जे कळलं ते लिहितोय. लांबलचक आहे, पण शेवटपर्यंत वाचा. विषय कार्डांचा असला तरी गोष्ट फसवणुकीची आहे, आणि ती अशा फसवणुकीची आहे जिच्यात एकही शब्द खोटा बोलावा लागत नाही.

आधी पाकीट म्हणजे काय ते सांगतो. पोकेमॉनची कार्डं जपानात १९९६ साली आली. इंग्रजीत ती जानेवारी १९९९ मध्ये 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या अमेरिकी कंपनीने आणली. पहिल्या संचात १०२ कार्डं. एका पाकिटात अकरा, त्यांतलं एक दुर्मिळ. हे दुर्मिळ कार्ड कधी साधं असतं, कधी चकाकणारं. चकाकणाऱ्याला 'होलो' म्हणतात. साधारण तीन पाकिटांमागे एक होलो निघतं. पहिल्या संचात होलो सोळा प्रकारची, आणि त्यांतलं एक म्हणजे चारिझार्ड, तो आग ओकणारा ड्रॅगन. सगळी मारामारी त्याच्यासाठी.

आता हिशेब करा. तीन गुणिले सोळा, म्हणजे साधारण ४८ पाकिटांमागे एक चारिझार्ड. एका खोक्यात पाकिटं ३६. म्हणजे अख्खं खोकं फोडलं तरी तो मिळेलच असं नाही.

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. ४८त एक तर ४८त एक. चान्स लहान आहे, पण सगळ्यांना सारखा आहे. १९९९ साली दुकानात जाऊन पाकीट घेणाऱ्या पोराला हाच चान्स होता.

भानगड पुढे आहे. होलो कार्डाला चकाकीसाठी पन्नीचा थर असतो, त्यामुळे ते किंचित जड. पाकीट वीस-एकवीस ग्रॅमचं, आणि फरक ग्रॅमच्या काही दशांशांचा. हाताला कळत नाही. सोनाराच्या काट्याला कळतो. आणि तिकडे हे गुपित अजिबात नाही. त्या बाजारात 'हेवी' आणि 'लाइट' हे दोन शब्द आपल्याकडच्या 'हापूस' आणि 'पायरी'इतके रोजचे आहेत.

म्हणजे ज्याच्या हाती ३६ पाकिटांचं खोकं आलं, त्याने तासभर काट्याशी बसायचं. बारा जड वेगळी, चोवीस हलकी वेगळी. जड स्वतः फोडायची किंवा चढ्या भावाने विकायची. हलकी चोवीस 'सीलबंद, कधीही न उघडलेलं, १९९९ सालचं अस्सल' म्हणून विकायची. जाहिरातीतला शब्द न् शब्द खरा. पाकीट सीलबंद आहे, उघडलेलं नाही, १९९९ सालचं आहे, अस्सल आहे. फक्त घेणाऱ्याला वाटतं आपला चान्स ४८त एक. खरा चान्स शून्याला टेकलेला.

माझ्या वयाच्या लोकांना सोरट आठवत असेल. किराणा दुकानात टांगलेला पुठ्ठा, त्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या आणि वरच्या अंगाला लटकवलेली बक्षिसं. शिट्टी, फुगे, आरसा आणि सगळ्यांत वर प्लास्टिकचं घड्याळ. दहा पैसे द्यायचे, चिठ्ठी ओढायची, बहुतेक वेळा काहीच मिळायचं नाही. घरी कळलं तर मार मिळायचा. पण त्या सोरटाची एक रीत होती. घड्याळ कुणाला लागलं की ते पुठ्ठ्यावरून निघायचं. मग तो पुठ्ठा मेला. पोरं त्याच्याकडे ढुंकून बघायची नाहीत. काही दुकानदार घड्याळाची चिठ्ठी आधीच काढून ठेवायचे, हेही आम्हाला माहीत होतं, आणि अशा दुकानदाराला आमच्या गल्लीत एक नाव होतं. ते इथे लिहिता येत नाही.

जुन्या पाकिटांच्या बाजारात घड्याळाची चिठ्ठी काढून घेतलेली असते आणि घड्याळ मात्र पुठ्ठ्यावर तसंच लटकत ठेवलेलं असतं. चिठ्ठी दहा पैशांना नाही, बेचाळीस हजारांना.

आता मुख्य मुद्दा. आपल्याला वाटतं, जुनं ते सोनं. तांदूळ जुना झाला की भाव चढतो, लोणचं मुरलं की चव येते. पाकिटाचं उलटं आहे. पंचवीस वर्षांत एक पाकीट किती हातांतून गेलं असेल? त्यातल्या प्रत्येकाला एकदा तरी ठरवायचं होतं, फोडू की विकू? ज्यात आशा आहे ते फोडलं जातं, ज्यात आशा नाही ते पुढे सरकवलं जातं. प्रत्येक हातबदलाला एक चाळणी लागते. पीठ खाली पडतं, कोंडा वर राहतो. विक्रेत्यांचं लाडकं वाक्य आहे, 'रोज पाकिटं फुटतायत, म्हणून उरलेली दिवसेंदिवस दुर्मिळ होतायत.' अर्धं खरं आहे. संख्या कमी होतेच. पण ती कमी होताना चांगली आधी जातात, हे दुसरं अर्ध कोणी सांगत नाही.

जड पाकिटं सीलबंद उरलीच नाहीत असं नाही. उरलीत. पण ती 'जड' म्हणूनच, जडच्या भावाने विकली जातात. काही विक्रेते हलक्याला सरळ हलकं म्हणतात, वजन लिहितात, भावही तसा लावतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही, उलट त्यांना नमस्कार. भांडण आहे ते गप्प बसणाऱ्यांशी, आणि 'आम्ही वजन केलेलंच नाही' असं शपथेवर सांगणाऱ्यांशी. पाकीट काट्यावर ठेवल्याची कुठलीही खूण पाकिटावर उरत नाही. तुमच्या आधीच्या माणसाने नसेल केलं, त्याच्या आधीच्याने केलं असेल. त्या मुलाला माल विकणाऱ्याने वजन केलं होतं का? मला माहीत नाही, सिद्धही करता येणार नाही. सिद्ध करता येत नाही यावरच तर हा धंदा उभा आहे.

"मग प्रमाणपत्र असलेलंच घ्यावं ना," असं लगेच कोणीतरी कॉमेंटमध्ये लिहील. लिहायच्या आधी दोन गोष्टी ऐका.

पहिली. कार्डं तपासून एक ते दहा गुण देणारी सगळ्यांत नावाजलेली अमेरिकी कंपनी म्हणजे पीएसए. १९९१ साली सुरू झाली. तिने तपासलेलं पहिलं कार्ड होतं होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं, सिगारेटच्या पाकिटातून १९०९च्या सुमारास आलेलं. आठ गुण मिळाले. पुढे २००७ साली ते २८ लाख डॉलरना विकलं गेलं. आणि २०१३ साली बिल मास्ट्रो नावाच्या बड्या लिलावदाराने, स्वतःवरच्या फसवणुकीच्या खटल्यात, कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा त्यानेच कापून नीट केल्या होत्या. कंपनीचं पहिलंवहिलं प्रमाणपत्र, आणि तेच कापलेल्या कार्डाला. तेही उघड्या कार्डाला, जे दोन्ही बाजूंनी डोळ्यांसमोर होतं. बंद पाकिटाचं काय बोलायचं?

दुसरी. लोगन पॉल हा अमेरिकेतला यूट्यूबवाला, आता कुस्तीतही असतो. २०२१च्या डिसेंबरात त्याने पोकेमॉनच्या पहिल्या छपाईच्या सहा खोक्यांची सीलबंद पेटी ३५ लाख डॉलरना घेतली. आपले सव्वीस कोटी रुपये. सीलबंद मालाची खात्री देणाऱ्या नामांकित कंपनीने ती पेटी आधी तपासून अस्सल ठरवली होती. जाणकारांनी फोटो बघून शंका काढल्या, म्हणून २०२२च्या जानेवारीत पेटी फोडली. आत जी. आय. जो या खेळण्यातल्या सैनिकांची कार्डं निघाली. आता विचार करा, त्याने ती फोडलीच नसती तर? आजही ती पेटी कुठल्यातरी तिजोरीत कोट्यवधींची म्हणून पडून असती. सीलबंद मालाची हीच गंमत आहे. खरं काय ते बघायचं तर माल संपवावा लागतो.

आणि आता तर बघायला माल फोडायचीही गरज उरलेली नाही. २०२४ साली अमेरिकेतल्या एका औद्योगिक तपासणी कंपनीने जाहीरपणे सांगितलं की सीटी स्कॅन करून बंद पाकिटाच्या आत कोणती कार्डं आहेत ते ओळखता येतं, आणि पैसे घेऊन आम्ही ते करून देऊ. दवाखान्यात पोटाचा काढतात तोच प्रकार. म्हणजे जड पाकीटही आता सुरक्षित नाही. काट्याने एवढंच कळत होतं की आत होलो आहे. स्कॅनने कळतं की तो चारिझार्ड आहे की दुसरं कुठलं पाच-दहा हजारांचं. पहिला घरात राहील, दुसरा 'जड, सीलबंद' म्हणून बाजारात येईल.

आता हौसेचा मुद्दा. "हौसेला मोल नसतं. मी पाकीट फोडतच नाही. मला त्या वेष्टनावरचं चित्र आवडतं, लहानपण आठवतं, शोकेसमध्ये ठेवतो. तुम्हाला काय त्रास?" काही त्रास नाही. मी स्वतः काडेपेटीचे छाप जमवलेत, आठवी-नववीपर्यंत ट्रम्प कार्डांवर जीव टाकलाय. हौसेला मी कोण नावं ठेवणार? पण एका प्रश्नाचं उत्तर द्या. तुम्ही नुसतं वेष्टन घेत असाल तर जड आणि हलक्या पाकिटाचा भाव सारखाच असायला हवा. वेष्टन तेच, चित्र तेच, साल तेच. मग भावात फरक का? कारण पैसे वेष्टनाचे नाहीत, आतल्या आशेचे आहेत. हे मी नाही म्हणत, बाजारच म्हणतोय.

"ही गुंतवणूक आहे," म्हणणाऱ्यांनाही एक सांगायचंय. जुनं आणि सीलबंद म्हणजे मौल्यवान, असा नियम नाही. १९८०च्या दशकाच्या शेवटी आणि १९९०च्या सुरुवातीला अमेरिकी कंपन्यांनी बेसबॉलची कार्डं एवढी छापली की त्या काळाला संग्राहकांनीच 'जंक वॅक्स' असं नाव दिलंय. ती खोकी आजही सीलबंद मिळतात आणि घ्यायला माणूस मिळत नाही. उलट १९५२ सालच्या टॉप्स कंपनीच्या कार्डांचं बघा. न खपलेला माल १९६० साली बोटीत भरून अटलांटिक समुद्रात बुडवला, असं कंपनीचे साय बर्गर स्वतः सांगायचे. त्याच संचातलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं. किंमत वयाला नसते, सीलला नसते. उरलंय किती आणि हवंय किती जणांना, त्याला असते.

कायदा काय म्हणतो? अमेरिकेत पालक आणि ग्राहक कोर्टात गेले होते. हा जुगारच आहे, असं त्यांचं म्हणणं. २००२ साली तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने कार्ड कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला. सार असं, की ग्राहकाला पाकीट मिळालं, दुर्मिळ कार्ड निघण्याची संधी मिळाली, म्हणजे पैशाचा मोबदला मिळाला. कार्ड न निघाल्याची निराशा म्हणजे मालमत्तेचं नुकसान नव्हे. बरं, मान्य. पण हा तर्क उभा आहे तो संधी खरी होती यावर. तिथे प्रश्न कंपनीच्या नव्याकोऱ्या पाकिटांचा होता. काट्यावरून उतरवलेल्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या हलक्या पाकिटात ती संधीच काढून घेतलेली आहे. त्याच न्यायालयाचा तर्क लावला तर घेणाऱ्याला ठरलेला मोबदला मिळालेलाच नाही.

आपल्याकडे? लॉटरीसाठी १९९८चा कायदा आहे. ती फक्त राज्य सरकारं काढू शकतात. महाराष्ट्राची लॉटरी १९६९ पासून आहे, सोडत जाहीर होते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने बंदी आणली. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर वजन, किंमत, तारीख आणि बनवणाऱ्याचा पत्ता छापावाच लागतो. आणि बेचाळीस हजारांचं पाकीट मात्र एका फोटोवर आणि दोन ओळींवर विकलं जातं. गंमत बघा, पुड्यावर जे सगळ्यात आधी छापतात ते वजन, आणि या धंद्यात नेमकं तेच झाकून ठेवतात.

आता माझ्या जमातीबद्दल. आम्ही पत्रकार फक्त विक्रम छापतो. माझ्याच लेखातल्या दोन चुका सांगतो. मी लिहिलं होतं की लोगन पॉलने पिकाचूचं एक कार्ड ५२ लाख ७५ हजार डॉलरना घेतलं. खरं आहे. पण ते कार्ड कधी पाकिटात नव्हतंच. जपानमधल्या चित्रस्पर्धेच्या विजेत्यांना दिलेलं बक्षीस होतं ते. मी ते पाकिटांवरच्या लेखात टाकलं. दुसरं, चारिझार्ड ४ लाख २० हजार डॉलरना विकला गेला असं लिहिलं. तेही खरं. पण तो पहिल्या छपाईचा आणि दहापैकी दहा गुणांचा. त्या मुलाने घेतलं तसल्या, नंतरच्या छपाईच्या साध्या पाकिटातून तो निघूच शकत नाही. दोन्ही आकडे बरोबर, आणि लेख मात्र खोटा. विक्रेत्याने जे केलं तेच मी केलं. खोटं न बोलता फसवलं.

मी संपादकांना म्हटलं, दुरुस्ती छापू. ते म्हणाले, "अहो, दिवाळीचा अंक आता कोण उघडून बघतंय?" म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना तरीही घ्यायचंय त्यांच्यासाठी :

१) पाकीट काट्यावर ठेवलेला फोटो मागा. विक्रेता टाळत असेल तर उत्तर मिळालं असं समजा.

२) पाकीट कुठून आलं ते विचारा. सुटं, की खोक्यातून काढलेलं? खोक्यातलं असेल तर बाकीची पाकिटं कुठे गेली?

३) 'वजन केलेलं नाही' या शब्दांना एक रुपयाही जास्त देऊ नका. हलकं आहे असंच धरा आणि हलक्याचा भाव द्या.

४) कार्ड हवं असेल तर कार्डच घ्या, पाकीट नको. कार्ड दोन्ही बाजूंनी बघता येतं, जाणकाराला दाखवता येतं. आवडता चारिझार्ड थोडा घासलेला घेतलात तरी तो चारिझार्डच असतो.

५) पाकीटच हवं असेल तर शोकेससाठी घ्या आणि फोडायची इच्छा तिथेच मारा. ती मारता येत नसेल तर घेऊ नका.

आणि बंद पाकिटांना प्रमाणपत्र देणाऱ्या कंपन्यांकडे एकच मागणी आहे. लेबलवर पाकिटाचं वजन छापा. खर्च शून्य. एक आकडा छापला की निम्मा अंधार जाईल. कोणी छापायला तयार नसेल, तर तो अंधार कोणाच्या सोयीचा आहे ते आपण समजून घ्यायचं.

तो मुलगा निघताना मी विचारलं, या कार्डांचं काय करणार? म्हणाला, "पुतण्याला देतो सर, तो खेळेल तरी." बेचाळीस हजार म्हणजे त्याच्या वडिलांची जवळजवळ महिन्याची पेन्शन. ते त्यांना अजून सांगितलेलं नाही, असंही म्हणाला.

ज्यांनी माझा तो लेख पुढे पाठवला होता, त्यांनी कृपा करून हीही पोस्ट पाठवा. तेवढीच दुरुस्ती.